खोलीचा आवाज

३ तारीख, सोमवार

रात्रभर झोपले नाही. कारण सांगितलं की लोक हसतात, म्हणून इथे लिहिते. बेडक्याचा श्वास ऐकत बसले होते.

बेडक्या म्हणजे माझा मुलगा, दहा महिन्यांचा. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण पालथा झोपला की पाय असे फाकवतो की बेडूकच. तर गेले काही दिवस तो झोपला की छातीत बारीक शिट्टी वाजते. श्वास घेताना नाही, सोडताना. दोन गल्ल्या सोडून कुणीतरी कुकर लावलाय असं वाटतं. जागा असला की काही नाही. रांगतो, हसतो, चपला चावतो. डॉक्टरांकडे दोनदा नेला. दवाखान्याची पायरी दिसली की ह्याचा भोंगा सुरू. त्या भोंग्यात त्यांना शिट्टी कुठून ऐकू येणार. म्हणाले, "सर्दी आहे. पहिलं मूल ना? सगळ्या आयांचं असंच असतं." नाकात घालायचे थेंब दिले.

हे बोटीवर. फोन लागला तर अर्धा वेळ 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' ह्यातच जातो, उरलेल्या अर्ध्यात मी सगळं ठीक आहे म्हणते. दादाला बोलावलं. तो दोन तास मोटरसायकल हाणत आला, बेडक्या त्याच्या मिशा ओढत बसला, शिट्टी नाही की काही नाही. परत बोलावलं, परत तेच. परवा फोनवर म्हणाला, "अगं येडे, तू अशी उठसूट बोलावत राहिलीस तर मला लिफ्टच्या कामावरून हाकलतील. खरंच काही झालं तर सांग. वाटलं म्हणून सांगू नकोस."

मी म्हटलं बरं. आता वाटलेलं कुठलं आणि झालेलं कुठलं, हे ओळखायचं कसं ते त्यानं सांगितलं नाही.

म्हणून आज एक उद्योग करून ठेवला. नाक्यावर सिनेमा शिकवायचं कॉलेज आहे, तिथली चार पोरं जिन्यात भेटली. शूटिंगला घर मागत फिरत होती. समोरच्या बाईंनी तोंडावर दार लावलं. मी म्हटलं, या. केसांत पेन्सिल खोचलेली एक मुलगी पुढारी होती. तिनं विचारलं, "ताई, बदल्यात तुम्हाला काय हवं?"

मी विचारलं, "दिवसभर असाल ना घरात?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"मग झालं."

ती बघतच राहिली. तिला काय माहीत, मला घरात माणसं हवीत. काही झालंच तर चारातल्या एकाकडे तरी गाडी असेल.

४ तारीख, मंगळवार

पोरं आली. नावं सांगितली सगळ्यांनी, माझ्या लक्षात राहिली नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. डायरेक्टर ती पेन्सिल. कॅमेरावाला जिराफ, आमच्या दाराच्या चौकटीला दोनदा आपटला. आवाज घेणारा मुलगा कानांवर ते मोठे गोल लावून असतो आणि तोंडातून शब्द काढत नाही, तो मौनीबाबा. चौथी हिरॉईन, ती हिरॉईनच.

आज शूटिंग नव्हतं, नुसती आखणी. पेन्सिलनं माझ्या भिंतीवर कागद चिकटवले, त्यावर चौकोन काढलेले, प्रत्येक चौकोनात एक बाई. एकाही बाईला नाक नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नाकाला वेळ नाही मिळाला ताई."

गोष्ट अशी. एक बाई घरात एकटी. रात्र. नळ टपकतोय. ती कपड्यांच्या घड्या घालतेय. मग तिला ऐकू येतं, खोलीत कुणीतरी श्वास घेतंय. ती स्वतःचा श्वास रोखून बघते, तरी श्वास चालूच. मग ती हळूहळू कपाटाशी जाते. कपाट उघडते. संपलं.

"पुढे काय?" मी विचारलं.

"पुढे काही नाही. आम्हाला परीक्षेला फक्त सुरुवातच करून द्यायचीय."

"मग कपाटात कोण असतं?"

"ते अजून ठरलं नाही."

हे मला अजिबात पटलं नाही. त्यांचं ठीक आहे, ती संध्याकाळी आपापल्या घरी जाणार. कपाट माझं, आणि त्याच खोलीत झोपायचं मला. ती गेल्यावर उघडून बघितलं. गोधड्या आणि ह्यांच्या दोन पँटी.

आणखी एक. गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला नाही. पेन्सिल माझ्याकडे बघत होती, घाबरतेय का म्हणून. मला एवढंच वाटलं की ही बाई तर रोज रात्री मीच. फक्त मला कपाटाशी जावं लागत नाही, माझा श्वास पाळण्यात आहे.

५ तारीख, बुधवार

काय मजा सांगू. सकाळी अकरा वाजता पोरांनी रात्र केली. सगळ्या खिडक्यांना काळा कागद लावला, फटी चिकटपट्टीनं बुजवल्या, आणि एक पिवळा दिवा असा लावला की माझी खोली मलाच ओळखू येईना. बेडक्यानं आजूबाजूला बघितलं, एक जांभई दिली आणि झोपला. मी म्हटलं वा.

सिनेमा उलटासुलटा काढतात हे मला माहीत नव्हतं. आज आधी कपाट उघडलं. घड्या शुक्रवारी घालणार. मी म्हटलं, अगं आधी घाबर तरी, मग उघड. पेन्सिल म्हणाली, "दिव्याची जागा बदलायला नको म्हणून कपाटाचं सगळं आज उरकायचं." बाईची भीती दिव्याच्या सोयीनं चालते म्हणजे.

मग माझी चूक झाली. पोरं चहा प्यायला बाल्कनीत गेली, आणि पलंगावर कपड्यांचा ढिगारा पडलेला. माझा हात सवयीनं गेला. दोन मिनिटांत घड्या घालून कपाटात. परत आली तर हिरॉईननं तोंडावर हात धरला, जिराफ नुसता "गेलं" म्हणाला.

"ताई," पेन्सिल अगदी हळू म्हणाली, जसं मी काहीतरी फोडलंय, "पसारा आवरायचा नाही. पसाऱ्याचे फोटो काढलेत आम्ही. उद्याही तो तसाच लागणार. निळा टॉवेल वर होता, त्याची एक बाही..."

"टॉवेलला बाही नसते."

"शर्टाची बाही टॉवेलवर होती."

मग आम्ही पाच जण फोटो बघून पसारा मांडत बसलो. लग्नाला चार वर्षं झाली, माझ्या पसाऱ्याला इतका मान कुणी दिला नव्हता.

ह्या सगळ्यात दुपारी दीड तास बेडक्याचा विचारच आला नाही मनात. आला तेव्हा धावत जाऊन बघितलं. शिट्टी होती. मग परत बरं वाटलं नाही.

६ तारीख, गुरुवार

आज लिहायला डोळे उघडत नाहीत. दिवसा रात्र केली, त्याची फळं. बेडक्या काळ्या कागदाआड दिवसभर झोपला आणि रात्रभर माझ्या अंगावर चढून गाणी म्हणाला. पेन्सिलला सांगितलं तर म्हणाली, "सॉरी ताई, उद्याचा एकच दिवस." मी म्हटलं सॉरी कशाला, जागा होता तोवर शिट्टी नव्हती, म्हणजे मला तर सुटीच.

ती हसली नाही. "कसली शिट्टी?"

मी म्हटलं काही नाही गं, सर्दी आहे.

७ तारीख, शुक्रवार

आज खूप लिहायचंय. सावकाश लिहिते.

सकाळी हिरॉईनच्या घाबरण्याचं काम होतं. ती घाबरायची म्हणजे डोळे एवढे मोठे करायची, छातीवर हात, तोंड उघडं, आणि एक किंकाळी. पहिल्यांदा शेजारीण धावत आली. दुसऱ्यांदा बेडक्या रडायला लागला. चौथ्यांदा कुणीच आलं नाही, तेव्हा पेन्सिल जमिनीवर बसली. "खोटं वाटतंय," म्हणाली.

हिरॉईन चिडली. "मग तूच घाबर ना."

पेन्सिलनं मला विचारलं, "ताई, तुम्हाला भीती वाटली की तुम्ही काय करता?"

"मी? मी भांडी घासते."

सगळे हसले. मीही हसले. पण खरंच, दुसरं काय करणार. रात्री शिट्टी ऐकू आली की उठते, घासलेली भांडी परत घासते, मध्ये मध्ये नळ बंद करून ऐकते, परत सुरू करते. जिराफ म्हणाला, "करून बघ की, बिघडतंय काय." तर हिरॉईननं तसं केलं. घड्या सोडून सिंकशी उभी राहिली, कप धुतला, नळ बंद केला, ऐकलं, परत तोच कप धुवायला घेतला. किंकाळी नाही की काही नाही. मला ते बघवेना, मी पडद्यामागे बेडक्याजवळ जाऊन उभी राहिले. संपल्यावर पेन्सिल म्हणाली, "झालं. मिळालं." हिरॉईन म्हणाली माझे हात गारठले, जिराफ म्हणाला निदान कप तरी स्वच्छ झाला.

दुपारी सामान आवरायची वेळ झाली तेव्हा मौनीबाबा उठला. आज पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. चांगला आहे.

"खोलीचा आवाज घ्यायचाय. एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही."

मी विचारलं, "खोलीला कसला आलाय आवाज?"

पेन्सिल म्हणाली, "असतो ताई. प्रत्येक खोली गप्प बसली तरी वेगळी ऐकू येते. नंतर तुकडे जोडताना मधेच खड्डा पडू नये म्हणून तो खालून अंथरतात. गोधडीला अस्तर असतं ना, तसं."

हे कळलं. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, नळ घट्ट पिळला. सगळे जिथल्या तिथे पुतळे झाले. मला हसू येत होतं, ओठ दाबून धरले.

मौनीबाबानं हात वर केला. "कुणाचं तरी नाक वाजतंय."

सगळ्यांनी जिराफाकडे बघितलं. त्याला सर्दी होती. तो बाहेर गेला, जाताना चौकटीला आपटला. परत एक मिनिट.

"अजून आहे."

"माझं नाही हं," हिरॉईन म्हणाली, पण गेली. परत. अजून होतं. मग त्यानं पेन्सिलकडे बघितलं.

"माझ्या सिनेमातून मलाच बाहेर काढतोस?"

"आवाज घेऊ दे."

ती पाय आपटत गेली. राहिलो तो आणि मी. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखला. तो ऐकत राहिला, मग मान हलवली. अजून होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. इतका वेळ कसं आलं नाही देव जाणे. कुणी माझ्या घरात तो आवाज ऐकू शकतं, हेच मी विसरून गेले होते.

"बाळाचा असेल," मी म्हटलं.

"कुठे आहे?"

"इथेच. पडद्यामागे. झोपलाय."

त्याची ती माईकची लांब काठी, टोकाला मऊ केसाळ बोंड असलेली, ती त्यानं हळूच पडद्याआड नेली आणि बेडक्याच्या वर धरली. डोळे मिटले. बराच वेळ तसाच. मी त्याचं तोंड बघत होते. असं तोंड मी कधीपासून शोधत होते. डॉक्टरांचं बघितलं, दादाचं बघितलं, कुणाचं तसं झालं नाही. ऐकू आलेल्या माणसाचं तोंड.

त्यानं ते गोल काढून माझ्या कानांवर ठेवले. आई गं. दोन गल्ल्या सोडून कुठला, कुकर थेट डोक्यात. आणि शिट्टीच्या शेवटी एक बारीक अडखळ, दार पूर्ण लागत नाही तशी. ती मला आधी कधी ऐकू आली नव्हती.

तेवढ्यात पेन्सिल डोकावली. "काय आहे?" तिनं ते कानाला लावलं आणि तिचे डोळे चमकले. "हाच. अरे हाच. कपाटातला श्वास. असा आपल्याला कुठेही मिळाला नसता." तिनं मला मिठीच मारली. "ताई, वापरू का? प्लीज."

एवढं कुणी खूश झालं तर काय म्हणणार. मी म्हटलं वापर. बेडक्या सिनेमात. जिराफ म्हणाला, नाव टाकू त्याचं, आवाज, बेडक्या. सगळे हसले. मीही हसले. मौनीबाबा वायरी गुंडाळत होता, तो हसला नाही.

सगळे खाली गेल्यावर तो जिन्यातून परत वर आला. दारातच उभा राहिला.

"ताई, हे डॉक्टरांना ऐकवलंय?"

"तिथे हा रडतो. काही ऐकूच येत नाही."

"मग हे ऐकवा." माझा फोन मागून घेतला, त्यात काहीतरी घातलं. "मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. बरं असेल, वाईट असेल, माहीत नाही. पण आवाज आहे. तुम्हाला वाटतोय असं नाही, आहे."

तो गेला. मी सिंकशी गेले. एकच कप होता, तोच, हिरॉईननं धुतलेला. परत धुतला.

मग दादाला फोन लावायला घेतला, पण ठेवून दिला. आवाज आहे हे कळलं. काही झालंय का ते अजून कुठे कळलं.

८ तारीख, शनिवार

दवाखान्यातून थेट इथे आलोय, मोठ्या इस्पितळात. वही पिशवीत होती. बेडक्या मांडीवर आहे, लिहायला वेळच वेळ.

सकाळी दवाखान्याच्या पायरीवर ठरल्याप्रमाणे भोंगा सुरू. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी आत गेल्यावर ते असं बघतातच, आता ही काय म्हणणार असं. मी म्हटलं, "डॉक्टर, रडणं जाऊ द्या, हे ऐका," आणि फोनचं बटण दाबलं.

फोनमधून पेन्सिल ओरडली, "सायलेन्स. ॲक्शन," आणि मागोमाग हिरॉईनची किंकाळी. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले. कंपाउंडर आत आला. डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, हे काय आहे?" मौनीबाबानं एकाखाली एक तीन-चार घालून ठेवले होते, मी वरचं दाबलं. खालचं दाबलं. शिट्टी.

आणि बेडक्या गप्प झाला. रडता रडता मधेच, तोंड उघडं, एक थेंब हनुवटीला लोंबतोय. फोनकडे बघत बसला. कोण हा, माझ्यासारखा श्वास घेणारा, असं.

डॉक्टरांनी पटकन नळी त्याच्या पाठीला लावली. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. "परत लावा," म्हणाले. परत लावलं. चार वेळा लावलं. नळी कानातून काढली आणि चष्मा पण काढला.

"खाताना कधी ठसका लागला होता? जोराचा? तोंड लाल झालं, असं काही?"

मी म्हटलं आठवत नाही. तेव्हा खरंच आठवत नव्हतं.

"बाहेर गाडी आहे का?"

"म्हणजे सर्दी नाही?"

"गाडी आहे का ते सांगा आधी," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

गाडी होती. जिराफाची, पेन्सिल आणि मौनीबाबाही होते. ती तिघं सामान परत करायला निघाली होती, जाता जाता मला दवाखान्यात सोडून बाहेर थांबली होती. मी मागे बसले, पायात दिव्यांचे स्टँड, डोक्यावर काळ्या कागदाची गुंडाळी, मांडीवर बेडक्या. जिराफ एवढ्या हळू चालवत होता की मागचे सगळे हॉर्न मारत होते. पेन्सिल म्हणाली, "अरे चालव." तो म्हणाला, "बाळ आहे." ती म्हणाली, "म्हणूनच चालव."

इथे फोटो काढला छातीचा. डॉक्टरीणबाईंनी उजेडासमोर धरून दाखवला. एक बाजू जास्त काळी. त्या बाजूला हवा आत जाते, बाहेर नीट येत नाही. बहुतेक श्वासनळीत काहीतरी अडकलंय, म्हणाल्या. उद्या भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालून बघणार. तिला कॅमेरा असतो.

"कुठला कॅमेरा?" जिराफानं विचारलं. पेन्सिलनं त्याला कोपर मारलं.

मग ती मला बाजूला घेऊन गेली. डोळे भरलेले. "ताई, मी काल उड्या मारत होते. तो आवाज पुसून टाकते."

मी म्हटलं, "पुसू नकोस. ठेव सिनेमात. मोठा करून ठेव. ऐकू दे सगळ्यांना."

९ तारीख, रविवार

आज झालं नाही. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला अडकले, आता उद्या पहिला नंबर.

कागदावर सही केली. भूल म्हणजे काय विचारलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या झोप. मी म्हटलं, माझा मुलगा झोपला की मला भीती वाटते आणि तुम्ही त्याला मुद्दाम झोपवणार. त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे ऐकत असू."

ह्यांचा फोन लागला नाही. दादाला लावला नाही. दुर्बिणीनं आत बघेपर्यंत ते नुसतं वाटलेलंच ना. आत काही नसलं तर? दोन तास मोटरसायकल हाणत येईल आणि डॉक्टर म्हणतील काही नाही, मग तो माझ्याकडे बघेल, ओरडणार नाही, नुसतं बघेल. ते नको. बघू दे आधी.

इथे घासायला भांडी नाहीत. एक पाण्याचा पेला आहे. तो बराच स्वच्छ झाला.

१० तारीख, सोमवार, दुपार

निघालं.

आधी तेच लिहायला हवं होतं म्हणून लिहिलं. निघालं, बेडक्या बरा आहे, शिट्टी नाही. कान लावून ऐकलं, डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, सिस्टरनं ऐकलं. सकाळी मौनीबाबा येऊन गेला, मी म्हटलं तूही ऐक. त्यानं गोल न लावता नुसताच कान लावला. हसला, आणि त्याला एक दात नाही हे मला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी बारक्या बाटलीत घालून आणून दाखवलं. शेंगदाण्याची फाक. अर्धा दाणा, फुगून मऊ झालेला. म्हणाल्या, "घरात शेंगदाणे कोण खातं?"

आणि मला सगळं आठवलं. कुठल्याशा कोपऱ्यात पडून होतं. मी शेंगदाणे आणत नाही. दादाच्या खिशात कायम असतात, लिफ्टच्या वर बसून एकेक तोंडात टाकायची सवय. त्या संध्याकाळी तो सहज आला होता, मी बोलावलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. बेडक्या त्याच्या मांडीवर, एक हात मिशीत, दुसरा हात खिशात. मी गॅसशी होते. ठसका ऐकला म्हणून वळले तर बेडक्या लालबुंद. दादानं त्याला उपडा करून पाठीवर थोपटलं, मग तो हसायला लागला. दादा म्हणाला, "बघ, काही नाही. तू लगेच पळत येतेस." आणि मीही म्हटलं, हो, काही नाही. ती रात्र गेली आणि शिट्टी सुरू झाली.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, माहीत नाही, पाहुणे येतात जातात.

आता एक अडचण. बेडक्या माझ्या छातीवर झोपलाय, पालथा, पाय फाकवून. उजवा हात त्याच्याखाली अडकलाय, पायाला सलाइनची सुई आहे, सिस्टर म्हणाली अजिबात हलवू नका. म्हणून हे डाव्या हातानं लिहितेय, मुंग्या चालल्यासारखं दिसेल, माफ करा. वॉर्डात फोनवर बोलायला बंदी आहे. आणि मला दोन मिनिटांत झोप लागणार आहे. ती मी थांबवणार नाही.

तर हे जो कुणी वाचेल, सिस्टर असेल, मावशी असेल, पेन्सिल परत आली तर पेन्सिल, त्यानं माझ्या भावाला फोन करावा. फोन पिशवीत आहे, लंगोटांच्या खाली. 'दादा' म्हणून नंबर आहे, सगळ्यात वरच असेल, मी इतक्यांदा काढून, न लावता तसाच ठेवलाय. त्याला म्हणावं, बहिणीनं बोलावलंय. तो आधी विचारेल, आता काय झालं. तर म्हणावं, झालं होतं, आता बरं आहे, ती घाबरलेली नाही, तुला नुसतं ये म्हणतेय.

काय झालं होतं ते विचारेल, नक्की विचारेल. शेंगदाण्याचं त्याला सांगू नका. तो मोटरसायकलवर येतो.